सुपरनोडचं दुसरं समीकरण

इंजिनिअरिंगचा सर्किटचा पेपर माझा दोनदा राहिला होता आणि दोन्ही वेळा सुपरनोडनंच घात केला होता. तिसऱ्यांदा राहिला तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर शिक्षण सोडून घरी यायचं, असं आबांनी मला गंगापूरच्या जीपमध्ये बसवताना सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. मेंढरं राखतात, बोलतात कमी. ते रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

शहरात, मुकुंदवाडीत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. दुसरी माझ्याच वर्गातली, सिल्लोडच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी, तोंडानं फटकळ. तिचा हा विषय पहिल्याच फटक्यात सुटला होता, त्यामुळे मला तिचा मनापासून हेवा वाटायचा.

तसं सुपरनोड म्हणजे काही भूत नाही. तारा जिथं एकत्र येतात तो नोड. तिथं जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर पडतो, या हिशोबावर समीकरण मांडायचं. पण दोन नोडांच्या मध्ये बॅटरी बसली असेल तर तिच्यातून किती करंट जातो ते आधी कळत नाही. मग दोन्ही नोड आणि ती बॅटरी यांच्याभोवती तुटक रेघेचं एक कडं काढायचं आणि कड्याच्या आत येणाऱ्या, बाहेर जाणाऱ्या करंटचाच हिशोब धरायचा. इथवर मला सगळं यायचं. कडं तर मी असं सुबक काढायचे की चित्रकलेचे मार्क मिळायला हवे होते.

एका रविवारी दुपारी कपडे वाळत घालून झाल्यावर तिनं माझं गणित बघितलं. दोन्ही नोडांना एकच व्होल्टेज का लिहिलंस, असं विचारलं. एकाच कड्यात आहेत म्हणून, मी म्हणाले. मला त्यात चूक काही दिसतच नव्हती.

दिसणार कशी? आमच्याकडे दिवाळीनंतर आबा आणि चुलते मेंढरं घेऊन निघतात. मुक्कामाला दोघांचे कळप एकाच वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसवतात. आत गेल्यावर माझं-तुझं करायचं नाही, सगळी आपली. लहानपणी मी एकदा चुलत्यांचं कोकरू वेगळं मोजलं, तर चुलतीनं आठवडाभर अबोला धरला. हे मी खोलीतल्या मैत्रिणीला सांगितलं. ती हसली नाही, विचारात पडली.

"मग लोकर कातरताना कळतं कसं, कोणाचं मेंढरू कोणतं?"

पाठीवर रंग असतो, मी म्हणाले. आबांचा लाल, चुलत्यांचा निळा.

"तर मग तो रंग लिही ना बाई. कडं काढलं म्हणून दोघं एक नाय होत. मधली बॅटरी दहा व्होल्टची, तर फरक दहाचा. हेच तुझं दुसरं समीकरण. ते तू कधी लिहितच नाय."

सरांनी हे फळ्यावर कितीदा तरी सांगितलं असणार. मला ते त्या दुपारी कळलं. स्वतःचा राग आला, आणि भूकही लागली.

पेपरात सुपरनोड आलाच. विसरायला नको म्हणून मी आधी बॅटरीच्या फरकाचं समीकरण लिहिलं आणि कडं मग काढलं. ते वेडंवाकडं आलं.

निकाल मोबाइलवर बघितला तेव्हा मी मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर होते. काठावर का होईना, पास. लगेच आबांना फोन लावला. ते गोदावरीकडं मेंढरांबरोबर होते, वाऱ्यात आवाज तुटत होता. सुटला विषय, मी म्हणाले.

"पोरी, तू पहिल्याच खेपेला पास झाली असं मी सगळ्यांला सांगून बसलो व्हतो," ते म्हणाले. "अवंदा नाय झालं अस्तं तर तुला घरी कसं आणावं, मलाच सुचत नव्हतं."

मला हसायला हवं होतं. मी बाकावर बसून रडले, आणि ते फोन न ठेवता ऐकत राहिले.