सीलबंद फाइल

ती घटना मी आजवर कुणाला सांगितली नाही, घरीसुद्धा नाही. देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो.

सकाळीच मुंबईहून फोन आला. "आई बेशुद्ध पडलीय. वहिनीने डायबेटिसच्या गोळ्या जास्त घातल्या. कलमांच्या बागेवरून तिचं आईशी वाकडं आहे." फोन करणारा म्हातारीचा धाकटा मुलगा. थोरला जहाजावर नोकरीला. घरी सासू-सून दोघीच.

आम्ही पोहोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी म्हातारीला ग्रामीण रुग्णालयात हलवलं होतं. सून हातात फाइल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन मागोमाग निघाली होती. मला वाटलं, पुरावा पळवतेय. पंचांसमक्ष दोन्ही जप्त केलं, लाखेचं सील मारलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, हे मला ठाऊक होतं. तरी महिला शिपाई सोबत देऊन तिला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं. अख्खी वाडी बघत होती.

"किती गोळ्या दिल्यास?"

"दोन. एक हयची, एक मुंबयची. भावजींनी आयेक मुंबयक डॉक्टराक दाखवल्यानी, थयसून नवी गोळी इली."

"म्हणजे जास्तच दिलीस."

"जास्त खंय, सायबानू? दोन्यांची नावां येगळी आसत. ती फाइल आधी डॉक्टराक दाखवा."

"ती आता मुद्देमालात आहे. कोर्टात दाखवू."

तेवढ्यात रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन. पेशंटची जुनी कागदपत्रं हवी होती. मी म्हटलं, "लेखी पत्र पाठवा." तासाभरात पुन्हा फोन. या वेळी त्यांचा आवाज चढला होता. "शुद्धीवर आली होती, परत शुद्ध गेली. ग्लुकोज देतोय तरी साखर उतरतेय. कुठली गोळी, किती ताकदीची, किडनी कशी आहे, काही कळत नाही. पत्र लिहीपर्यंत बाई जाईल!"

सील केलेलं पार्सल माझ्या टेबलावर होतं. मी लाखेकडे बघत बसलो. आमचे हवालदार जुने, तिथलेच. म्हणाले, "साहेब, फोडा. पंच खंय पळतत? नाक्यावर चाय पित बसले आसत. परत हाडूया."

पंच आले, सील फोडलं. फाइल आणि गोळ्यांची पिशवी मीच रुग्णालयात नेली. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. मोठ्या अक्षरांतली नावं वेगळी. खाली बारीक अक्षरांत औषध एकच. दुप्पट मात्रा पोटात गेली होती. त्यात किडनीचा जुना रिपोर्ट वाईट, म्हणजे गोळी अंगातून लवकर जाणार नव्हती. "आता उद्यापर्यंत ग्लुकोज थांबवायचं नाही," म्हणत त्यांनी तिला जिल्हा रुग्णालयात हलवलं. म्हातारी वाचली.

संध्याकाळी धाकटा मुलगा ठाण्यात आला, मान खाली घालून म्हणाला, "मुंबईच्या डॉक्टरला जुनी फाइल दाखवायची राहिली." नवी गोळी देताना जुनी बंद करायची का, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि वहिनीला सांगितलंही नव्हतं.

मी सुनेला म्हटलं, "तुमच्यावर काही नाही. घरी जा."

ती उठली नाही. "तुमी सोडलात. गाव खंय सोडतला? जीपीत घालून नेलात, तसा वाडयेत येवन सांगा मां."

"येतो," म्हणालो. गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत बदली झाली. खरं कारण बदली नव्हे. माझी चूक चारचौघांत कबूल करायची मला लाज वाटली.

पुढच्या नोकरीत आजाऱ्याची फाइल मी आधी डॉक्टरांकडे दिली, पंचनाम्याला नक्कल ठेवली. तेवढं शिकलो. पण वाडीत उभं राहून जे सांगायचं होतं, ते राहिलंच. ते इथे लिहितो: त्या बाईने सासूला काही केलं नव्हतं. तिला सांगितलेल्या गोळ्या तिने सांगितल्याप्रमाणे दिल्या होत्या.