एका आकड्याची जागा

रोगाला नंबर असतो हे मला मॅट्रिक होईपर्यंत ठाऊक नव्हतं. साठ सालच्या सुमारास मी आमच्या किनाऱ्यावरच्या एका सरकारी दवाखान्यात कारकून म्हणून लागले. गावाचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, दवाखान्याची नव्हे, आणि गावाला उगाच बट्टा कशाला?

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्यापुढे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं. जगातल्या यच्चयावत दुखण्यांची यादी त्यात होती आणि प्रत्येकापुढे तीन आकडी नंबर. डॉक्टर तपासून चिठ्ठीवर दुखणं लिहायचे. मी पुस्तकात त्याचा नंबर शोधायचा, वहीत माणसाच्या नावापुढे चढवायचा आणि महिनाअखेरीला सगळ्यांची बेरीज जिल्ह्याला धाडायची. जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता. मला हे काम मनापासून आवडलं. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून कुर्ली चालत गेलेली. ते लावून त्याचा नेमका नंबर सापडला की मला गड जिंकल्यासारखं वाटे.

डोळ्यांचे नंबर तर आठवड्यात पाठ झाले. आमच्याकडे डोळ्यांची रड फार. दिवसभर पाण्यावरचं ऊन, वाळू, खारा वारा. मोतीबिंदू तीनशे पंच्याऐंशी. काचबिंदू तीनशे सत्त्याऐंशी. छापील पानावर दोघांच्या मधे फक्त एक ओळ होती.

सुरुवातीलाच मी एकदा तोंडघशी पडले होते. मासे विकणाऱ्या एका बाईच्या डोळ्यांना दोन दुखणी होती, म्हणून मी शहाणपणाने तिच्यापुढे दोन नंबर लिहिले. माणसं आणि रोग यांची बेरीज जुळेना, आणि जिल्ह्याहून वही लाल शाईने रंगून परत आली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "एक माणूस, एक नंबर. जागाच एकाची आहे. जे मोठं दुखणं असेल ते लिहायचं. आणि चिठ्ठी पाहून शंका आली, तर मला येऊन विचारायचं. मी पलीकडेच असतो." पलीकडे म्हणजे माझ्या टेबलापासून दहा पावलांवर. ती दहा पावलं मी पुढे आयुष्यभर मोजत आले आहे.

आता बाबांविषयी सांगते. आमचं घर तारकर्लीच्या बाजूला, माडांत. बाबा रापणीवरचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्ध्या गोलात सोडत जाते आणि मग दोन्हीकडची माणसं दोर धरून ते वाळूवर ओढून आणतात. पण होडी कुठे न्यायची हे आधी कोणीतरी सांगावं लागतं. ते काम बाबांचं. पाण्याचा रंग कुठे जरा काळवंडला, पाखरं कुठे खाली येतायत, हे किनाऱ्यावर उभं राहून ओळखायचं आणि पंचा हलवून होडीला दिशा द्यायची. बाबांना ना अक्षरओळख, ना छातीवर कसला बिल्ला, पण त्यांचा पंचा हलला की तीस-चाळीस माणसं हलत. वाटणीत त्या नजरेचा मान वेगळा असे. बाबांना त्याचा गर्व होता, आणि तो त्यांना शोभत होता.

त्यानंतर त्यांचा दुसरा गर्व मी. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगायचे, "माजां चेडू सरकारात लिवता. रोगांका नंबर घालता!" ऐकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तो मान डोलवी.

मग बाबा आपटायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा, अंगणातल्या माडाला कोपर. पायाशी बाजूला ठेवलेला तांब्या लाथेने उडायचा. आई चिडवायची, "सकाळीच घेतलास काय रे? माड तुज्या वाटेर इलो, की तू माडाच्या?" बाबा थेंबालाही न शिवणारे. तेही हसायचे. गंमत अशी, की लांबचं त्यांना झकास दिसत होतं. समोरच्या पाण्यातला काळा पट्टा आमच्या आधी त्यांनाच दिसे. ज्याला मैलभर लांबची मासळी दिसते त्याच्या डोळ्यांत खोट आहे असं कोण म्हणेल? आमच्याकडे नजर पारखायची ती समुद्रावर. उजव्या-डाव्या हाताला काय दिसतं हे कोणी कोणाला विचारत नसे.

तरी मीच हट्टाने त्यांना दवाखान्यात आणलं. दर काही महिन्यांनी बाहेरून डोळ्यांचे एक डॉक्टर यायचे. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं. मग बाबांना डोळे मिटायला सांगून पापणीवर दोन बोटांनी हलकेच दाबलं, एक डोळा, मग दुसरा, मग परत पहिला. चिठ्ठी लिहून बाबांच्या हातात दिली आणि पुढच्याला बोलावलं. रांग दारापर्यंत होती. दुपारी ते गाडीने निघून गेले.

ती चिठ्ठी बाबांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवली. "काय लिवल्यानी गो?"

इंग्रजीत दोन ओळी होत्या. मोतीबिंदू, सुरुवात. त्याखाली काचबिंदू, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

पुस्तकात प्रश्नचिन्हाला नंबर नव्हता. वहीत जागा एकाच आकड्याची. दोन वर्षांच्या कामात मला एवढं कळलं होतं की मोतीबिंदू काढता येतो आणि माणूस पुन्हा बघू लागतो. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही. दहा पावलांवर डॉक्टर बसले होते. मी विचारायला गेले असते तर ते म्हणाले असते, मोठं दुखणं लिही, सत्त्याऐंशी लिही. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी गेले नाही. दोन रोगांतला बरा रोग मी माझ्या बापासाठी निवडला. बाजारात बसून सुरमईचा चांगला तुकडा घरच्यांसाठी बाजूला काढावा, तितक्या सहज आणि तितक्याच मायेने. बाबांच्या नावापुढे मी तीनशे पंच्याऐंशी लिहिलं.

"मोतीबिंदू आसा, बाबा," मी म्हटलं. "अजून पिकाक नाय. पिकलो काय काढतले."

बाबा खुशीत हसले. "मगे काय! आंबो पिकाक येळ लागता. थांबतंय मी."

त्या आकड्याचा पुढे काय अर्थ होतो ते मला माहीत नव्हतं असं नाही. सत्त्याऐंशी नंबरवाल्यांची नावं आठवड्याच्या आत पत्राने मोठ्या इस्पितळात कळवायची, तिथे डोळ्यातला दाब यंत्राने मोजत, थेंब देत, लागलं तर शस्त्रक्रिया करत. पंच्याऐंशीवाल्यांनी घरी थांबायचं. शिबिर लागेल तेव्हा त्यांची यादी करायची. दोन्ही याद्या मीच करत होते. एका यादीत घालून मी बाबांना दुसरीतून काढलं होतं. पण तेव्हा मनात असं काही आलंच नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे 'नाही' असंच मी धरून चालले. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला सगळं शहाणपण सुचतं.

बाबा दोन वर्षं थांबले. मधे दोनदा म्हणाले, "जरा धुकट दिसता गो." मी म्हटलं, "पिकता हा तो." मी असं म्हटलं हे मला लख्ख आठवतं. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

एका सकाळी उजव्या अंगाला पाणी काळंभोर झालं होतं. वाळूवरच्या पोरीबाळींनासुद्धा दिसत होतं. बाबा समोर बघत उभे होते आणि पंचा हलेना. माणसं ओरडू लागली तेव्हा त्यांनी मान फिरवली, आणि तोवर मासळी निघून गेली. कोणी त्यांना वेडंवाकडं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरा उभा राहिला, एवढंच. बाबा दोर ओढणाऱ्यांत गेले, मग तिथूनही घरी आले. उंबऱ्यावर बसून राहायचे. आईने चिडवणं सोडलं. घरात त्या चिडवण्याची किती सवय होती ते तेव्हा समजलं.

तरी त्यांचा भरवसा ढळला नव्हता. "शिबिर खंय लागला, काय?" एवढंच विचारायचे.

शिबिर लागलं ते एका शाळेत. आमचे जुने डॉक्टर बदलून गेले होते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर नवे, दूरचे. त्यांना मी फक्त टेबलावरची कारकून. यादीतली माणसं एकेक करून पुढे येत होती. बाबा आले ते भिंत चाचपत. डॉक्टरांनी बॅटरी मारली, पापणीवर बोटं ठेवली, आणि ताबडतोब काढून घेतली.

"यांना इथे कोणी पाठवलं? मोतीबिंदू किरकोळ आहे. हा काचबिंदू आहे, डोळे दगडासारखे झालेत. उजवा संपलाय, डावा नळीतून दिसावं इतकाच उरलाय. आजोबा, इतके दिवस काय करत होता?"

"पिकूची वाट बघी होतंय, सायबानूं."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "वाट बघायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

मी चार हातांवर बसले होते, मांडीवर वही. बाबांना मी तिथे आहे हे माहीत होतं. नावं मीच पुकारत होते, त्या आवाजाने त्यांना माझी जागा कळली होती. त्यांनी खांद्यावरचा पंचा सावरला. त्या क्षणात मी तोंड उघडायला हवं होतं.

"कोणीच सांगूक नाय," बाबा म्हणाले. "माकाच जमूक नाय येवक. रापणीचो धंदो, सायबानूं."

"जुनी चिठ्ठी आहे का?" डॉक्टरांनी मला विचारलं. चिठ्ठी दवाखान्याच्या कपाटात, दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्यात होती. कितव्या खणात हेसुद्धा मी सांगू शकले असते. "शोधावी लागेल," मी म्हटलं.

"राहू दे. आता शोधून काय उपयोग?" ते म्हणाले. त्यांनी डाव्या डोळ्याकरता थेंब लिहून दिले आणि नवा नंबर सांगितला, तीनशे एकोणनव्वद. तो अंधत्वाचा. त्या नंबरच्या माणसांचा वेगळा कागद भरावा लागे, आणि त्यात एक रकाना होता, उपचारास उशीर होण्याचे कारण. डॉक्टर पुढच्या माणसाकडे वळता वळता म्हणाले, "लिहा, रुग्ण वेळेवर आला नाही."

मी लिहिलं. माझं अक्षर वळणदार, त्याची साहेबलोक तारीफ करत. त्या दिवशीही ते वळणदारच आलं. याचीच मला आजही सर्वांत जास्त लाज वाटते.

बाबा बाकावर बसून होते. माणसं कमी झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "काय लिवलंस गो बाय?"

त्यांना वाचता येत नव्हतं आणि आता दिसतही नव्हतं. मी काहीही सांगू शकले असते. पण एकदा मी त्यांना माझ्या मनासारखं वाचून दाखवलं होतं, म्हणून या वेळी जसं होतं तसं वाचलं. रुग्ण वेळेवर आला नाही.

बाबांनी मान हलवली. "बरां केलंस. नोकरी ऱ्हवली तुजी," ते म्हणाले. "आता माका घराक व्हर."

आणि उठून त्यांनी माझ्यासाठी हात पुढे केला. तोवर मी उठून त्यांच्या उजव्या अंगाला आले होते; तिकडचं त्यांना काहीच दिसत नव्हतं. हात त्यांनी डावीकडे धरला होता. मी वही मिटली आणि वळसा घालून त्या बाजूला गेले.