नकोअण्णा

आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात कुठलाही नकाशा उलगडला, की तो टेबलावर पुरता सपाट व्हायच्या आत आवाज यायचा, "हे नको." म्हणून नाव पडलं नकोअण्णा. मूळचे निपाणीचे, पर्यावरण सल्लागार. रस्ते-पूल बांधणाऱ्या आमच्या कंपनीने त्यांना सहीपुरतं ठेवलं होतं. अण्णा सही सोडून बाकी सगळं करत. मला ते 'पुणेकर' म्हणत. त्यात कौतुक नसे.

एका तळ्याकाठच्या रस्त्याचा आराखडा माझ्याकडे होता. तळ्यात पाणी आणणारा नाला मी भर उन्हाळ्यात पाहिला, 'पडीक जागा' अशी नोंद केली आणि कागदावर बुजवून टाकला. तळ्याचं नुकसान भरून निघावं म्हणून कारंजं, बदकं आणि चालायला ट्रॅक दिला. बदकं तर मी स्वतः रंगवली होती.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. "पाणी तोडून कारंजं लावालाइस काय रे पुणेकर? गळा दाबायचा नि वर टाय बांधायचा!"

"अण्णा, नाला कोरडा आहे."

"असू दे की. ऑगस्टात जाऊया."

ऑगस्टात गेलो. जागा दाखवायला मी ऐटीत चार पावलं पुढे झालो आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. बूट नवे होते. अण्णा काठावर, छत्रीखाली. "स्वल्प पुढं जा. मधोमध तुझा रस्ता हाय."

नाल्यावर मोकळा पूलच हवा, असं त्यांनी लिहून दिलं. मालक म्हणाले, "पाइप टाकू. सही करा." अण्णांनी केली नाही. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, तर मीही चक्क पुलाच्या बाजूने बोललो. सहीशिवाय परवानगी अडली, पूल मुकाट मंजूर झाला. अण्णांचं कंत्राट मात्र पुढे वाढलं नाही. मल्लेश्वरममध्ये निरोपाची कॉफी पिताना मी गहिवरायच्या बेतात होतो, तर म्हणाले, "नुकसान कमी करायचं म्हणजे कुणाचं तरी कायतरी कमी होणारच. सरी, ठीक हाय, कॉफी संपव."

यंदा त्या पुलाला पर्यावरणस्नेही बांधकामाचं पारितोषिक मिळालं. कोट घालून ते घ्यायला अर्थातच मी. प्लास्टिकच्या पानाची ट्रॉफी काखेत मारून निपाणीला फोन लावला. अभिनंदन वगैरे काही नाही.

"पाऊस हाय तिथं?"

"जोरात."

"नाल्याला पाणी येतंय काय?"

"येत असणार, अण्णा."

"असणार? स्टेजवरनं दिसतंय?"

तसाच रिक्षा करून तळ्यावर गेलो. पुलाखालून गढूळ पाणी भरधाव तळ्यात शिरत होतं. फोटो पाठवला, तेव्हा लक्षात आलं, ट्रॉफी रिक्षातच राहिली. तेही कळवलं.

उत्तर आलं, "असू दे. पाणी झकास हाय."