धूळ ओढणारी दोन यंत्रं आणि माझे थोरले साडू

जगात प्रत्येक वस्तू एकेकच निघाली असती, तर माझे थोरले साडू काहीही विकत न घेता म्हातारे झाले असते. त्यांना एक वस्तू दाखवली की ते पहिल्यांदा विचारायचे, "आन दुसरी?" दुसरी नसेल तर पहिलीकडे ढुंकून बघायचे नाहीत. साडू मिल्ट्रीत हवालदार होते. बंदुकीपेक्षा साहेब लोकांच्या मेसच्या कोठारावर त्यांची नोकरी जास्त झाली, आणि आलेला माल तपासून 'फिट' नाहीतर 'अनफिट' म्हणायची सवय पेन्शनीबरोबर घरी आली. दाढीचं कोणतं पातं चांगलं हे ठरवायला ते अख्खा उन्हाळा उजवा गाल एका पात्यानं आणि डावा दुसऱ्यानं तासत होते. भावकीतल्या एका लग्नात तर ते एका बाजूनं नवरदेव आणि दुसऱ्या बाजूनं आजारी माणूस दिसत होते. बाजारात कलिंगड घ्यायचं झालं तर दोन उचलायचे, दोन्ही कानांना लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. विकणारा कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तरी यांचं ऐकणं सुरूच. एकदा साताऱ्याहून सांगलीला जायचं होतं, तर मला एस्टीत बसवलं आणि आपण रेल्वेनं गेले, कोण आधी पोचतं ते बघायला. कराडच्या स्टँडवर मी भजी खायला उतरलो, एस्टी निघून गेली, आणि मी दिवेलागणीला पोचलो. साडूंनी निकाल दिला, "एस्टी अनफिट." मी म्हणालो, आवं चूक एस्टीची न्हाई, भज्यांची हाय. तर म्हणाले, "पाव्हणं, एस्टीनं जायाचं म्हंजे भजी आलीच. त्यो टाइम एस्टीतच धरायचा."

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळेच आक्का म्हणायचो. लग्नाच्या वेळी आपण दोन पोरी बघितल्या आणि नीट ताडून आक्काला पसंत केलं, हे साडू चारचौघांत छाती काढून सांगायचे. आक्का चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "मीबी दोन बघितलं व्हतं. दुसरा शाना निघाला, चा पिऊन उठून गेला." साडू हसायचे नाहीत. "तिला तुलना जमत न्हाई," एवढंच म्हणायचे.

आता खरी गोष्ट. साडूंचं घर सांगलीजवळ, हळदीच्या गावात. हंगाम आला की घरामागच्या खळ्यावर हळद घोळायचं मोठं पिंप दिवसभर गरगरत राहायचं आणि पिवळी धूळ कौलांवर, अंथरुणावर, पाण्याच्या हंड्यावर, माणसाच्या भुवईवर सगळीकडे बसायची. त्या गावची माणसं लग्नाआधीच हळद लागल्यासारखी दिसतात. दिसायला ते बरं, पण आक्काला दमा होता. आणि तो वर्षागणिक वाढत चालला होता. तिनं खराटा हातात घेतला की छातीत शिट्टी वाजायला लागायची, आणि घर झाडल्याशिवाय तर तिला पाणीही गोड लागत नव्हतं. रात्री ती वळकटीला टेकून बसूनच झोपायची. आडवी झाली की श्वास कोंडायचा. मिरजेच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि सांगितलं, औषध आपल्या जागी, पण बाईंना धुळीपासून लांब ठेवा. हळदीच्या गावात धुळीपासून लांब म्हणजे कुठं ठेवायचं, ते काही डॉक्टरनं सांगितलं नाही.

आठवडाभरानं मला साडूंचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो, तर म्हणाले, "केरसुणी अनफिट. ती धूळ काढत न्हाई, नुसती हाकलती. हितली तिकडं, तिकडची आक्काच्या नाकात. आपुन वाकूम किलीनर घ्यायचा." हे यंत्र त्यांनी साहेबाच्या बंगल्यात बघितलं होतं. जमिनीवर लोळतं, पुढं हत्तीसारखी सोंड असते आणि सोंडेनं धूळ ओढून पोटात घेतं. मी विचारलं, "वढलेला वारा मग जातो कुठं?" ते म्हणाले, "मागनं." मी म्हणालो, "आन धूळ?" "ती पिशवीत ऱ्हाती." मी म्हणालो, "वाऱ्याला जायला वाट हाय आन धुळीला न्हाई, हे कसं?" साडू चिडले. "पाव्हणं, तुमी चौथीत शाळा सोडलीया, यंत्राला परश्न इचारू नका." पण माझा प्रश्न काही सुटला नव्हता.

सांगलीच्या एका विजेच्या दुकानात असलं एक यंत्र मिळालं. गोल, बुटकं, खाली चाकं, पाण्याच्या पिंपासारखं. दुकानदार साडूंना ओळखून होता. आठ दिवस वापरून बघा, मग बोला, म्हणाला. साडूंनी अर्थातच विचारलं, "आन दुसरं?" दुसरं सबंध सांगलीत नव्हतं. ते माझ्याकडून निघालं. साताऱ्यात एका रिटायर साहेबाचा बंगला रिकामा होत होता, तिथं एक विलायती यंत्र मला स्वस्तात मिळालं. हे लांबडं, दुधी भोपळ्यासारखं, खाली चाकांऐवजी घसरायच्या पट्ट्या. मी ते मांडीवर घेऊन एस्टीनं निघालो. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मी म्हणालो, आधी तुला टाकतो टपावर, मग यंत्र. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं सोंड चाचपून विचारलं, "म्हशीची धार काढायचं हाय जणू?" मी सांगितलं, धूळ ओढायचं. त्यानं खिडकीबाहेरच्या रस्त्याकडं बघितलं, मग यंत्राकडं बघितलं आणि म्हणाला, "लय काम पडंल बिचाऱ्याला."

घर साडूंचं तसं ऐसपैस. पुढच्या सोप्यात शहाबादी फरशी आणि आत माजघरात शेणानं सारवलेली जमीन. आक्का माजघरात निजायची, म्हणून परीक्षा माजघरातच घ्यायची ठरलं. आक्काला शेजारच्या ओट्यावर नेऊन बसवलं. साडूंनी रांगोळीची रेघ ओढून माजघराचे दोन भाग केले. चुलीकडचा त्यांच्या पिंपाला, देवाकडचा माझ्या भोपळ्याला. बल्ब काढून होल्डरमधून वायर घेतली. नियम असा की ज्याची पिशवी जास्त भरेल ते यंत्र फिट. दारात ही गर्दी. एकजण म्हणाला, "हवालदार, आमी पैजा लावल्या तर चालंल का?" साडू म्हणाले, "शिस्तीत ऱ्हावा."

पिंप घुरघुरलं आणि माजघराचा आपला भाग पुसल्यासारखा करून थांबलं. पिशवी तळाला जेमतेम भरली होती. मग माझा भोपळा लावला. त्यानं असा काही हंबरडा फोडला की बाहेरचं मांजर कौलावर गेलं. मी सोंड जमिनीला लावली तर ती जमिनीला चिकटून बसली, ओढून काढावी लागली. आणि पिशवी म्हणाल तर फुगत चालली. काढली, रिकामी केली, परत लावली, परत भरली. मी त्याच जागेवरून फिरवतोय आणि धूळ काही संपत नाही. मी साडूंकडं बघून म्हणालो, "बघा पाव्हणं. तुमच्या पिंपानं अर्ध्या माजघरात काढली न्हाई तेवढी धूळ हितं हातभर जागंत निघाली." साडू मांडी घालून बसले आणि पिशवीत हात घालून बघायला लागले. त्यांचा चेहरा पडला होता, पण इमानदार माणूस. म्हणाले, "तुमचं यंत्र लय तिखट हाय." मग स्वतःच माझं यंत्र घेऊन चुलीकडच्या बाजूलाही लावलं. तिकडूनही तेवढीच धूळ निघाली. आम्ही दोघं शेजाऱ्यांना पिशव्या दाखवत होतो, शेजारी वा वा करत होते. एवढी धूळ घेऊन ही बाई इतकी वर्षं जगली कशी, असं एका म्हातारीनं म्हटलंसुद्धा.

संध्याकाळी आक्का घरात आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिचा पाय खाली गेला तेव्हा पहिल्यापेक्षा खोल गेला. तिनं इकडं तिकडं बघितलं. माझ्याकडं वळून अगदी शांतपणे म्हणाली, "पाव्हणं, जमीन कुठं हाय?"

आम्हाला काही कळेना. ती म्हणाली, "लग्न हून आले तवापास्नं सारवतीया. थरावर थर. कवा माती, कवा शेण. ती धूळ न्हवं. ती माजी जमीन व्हती." तेव्हा आम्ही खाली बघितलं. माजघराच्या मधोमध चांगला खळगा पडला होता. त्यात पाणी घातलं असतं तर कोंबड्या प्यायला आल्या असत्या. बाहेर जमलेल्या गर्दीत कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. मलाही हसू आलं. साडू तेवढे हसले नाहीत, कारण ते आक्काकडं बघत होते. आमच्या पिशव्यांतली सगळी माती मागच्या अंगणात झटकलेली होती, खळ्याकडून वारा सुटला होता, आणि आक्काच्या छातीत शिट्टी सुरू झाली होती.

तसला दम मी आधी बघितला नव्हता. खांबाला दोन्ही हातांनी धरून ती उभी होती आणि खांदे वरखाली होत होते. डॉक्टरच्या गोळ्या दिल्या, गरम पाणी दिलं. साडू तिच्या पाठीमागं तळहात टेकवून उभे राहिले. बऱ्याच वेळानं श्वास खाली बसला, तशी आक्काच म्हणाली, "आवं, बसा की. तुमचं पाय दुखत असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा भोपळा बांधायला घेतला, तर साडू म्हणाले, "सोडा. टेस झाली न्हाई अजून." मी म्हणालो, "आता काय जमिनीखालचं पानी काढायचं हाय?" ते म्हणाले, "काल आपुन पिशवी बघितली. बघायचं व्हतं तिला." आणि त्यांनी परीक्षा बदलली. यंत्र सोप्यातल्या फरशीवर चालवायचं, आक्काला सोप्याच्या दाराशी खुर्चीवर बसवायचं, आणि साडूंनी यंत्राकडं पाठ करून तिच्या समोर बसायचं. किती धूळ निघाली ते बघायचंच नाही. ती खोकते का तेवढंच ऐकायचं. यंत्र चालवायला मी. आक्का म्हणाली, "आसं टक लावून बघू नगा, लोकं काय म्हंतील." साडू म्हणाले, "डूटीवर हाय मी."

माझा भोपळा चालू केला आणि थोड्याच वेळात आक्कानं पदर नाकाला लावला. माझा जुना प्रश्न तिथं सुटला. यंत्राच्या मागच्या तोंडातून वारा इतक्या जोरानं बाहेर येत होता की बारीक धूळ पिशवीच्या कापडातून निसटून परत खोलीत येत होती. उन्हाच्या तिरिपेत ती नाचताना दिसली. साडूंनी मागं वळून न बघता हात वर केला. मी बंद केलं. मग खोली शांत होऊ दिली, दुपारी पिंप लावलं. त्याची ओढ बेताची, आवाज म्हाताऱ्या माणसाच्या घोरण्यासारखा, पण पिशवीला आतून कागदाची आणखी एक पिशवी होती. आक्का बसून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "हे मेलं काय करतंय का न्हाई?" खोकली मात्र नाही.

साडूंनी पिंप ठेवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन्हींतली कमी ताकदीची वस्तू निवडली. मी पुष्कळ वाद घातला. माझं म्हणणं असं की चांगल्या फरशीवर, दारं उघडी टाकून, पिशवीला जाड कापडाचं अस्तर लावलं तर विलायती यंत्राला तोड नाही. ते माझं म्हणणं आजही तसंच आहे. भोपळा मी परत साताऱ्याला आणला. आमच्या बायकोनं सोंड काढून मागच्या तोंडाला लावली आणि त्यानं शेंगदाण्याची फोलपटं उडवायला सुरुवात केली. त्या कामात त्यानं नाव काढलं.

माजघर साडूंनी परत चोपून घेतलं, पण आक्काचं अंथरूण सोप्यातल्या फरशीवर आणलं. रोज सकाळी आक्का शेजारी जाऊन बसायची आणि बनियनवर, अर्ध्या चड्डीत, हवालदार स्वतः पिंपामागं फिरायचे. पिशवी झटकायला दूर नदीकडं जायचे, वाऱ्याची दिशा बघून. गावातले टोमणे मारायचे, "हवालदार, सून आली का न्हाई घरात?" ते म्हणायचे, "मशिनरीचं काम हाय, तुला न्हाई जमायचं."

हंगाम सरत आला तेव्हा मी परत गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. अस्तराचं जाड कापड सोबत घेऊन, एकदा तरी नीट परीक्षा घ्या म्हणायला. दुपारची वेळ होती. साडू ओट्यावर बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोट ओठाला लावलं आणि हळूच म्हणाले, "बोलू नगा. आत निजलीया." मी दारातून डोकावलो. आक्का आडवी, कुशीवर, गालाखाली हात घेऊन झोपली होती. वळकटी भिंतीशी तशीच गुंडाळलेली होती.

मी ओट्यावर येऊन बसलो. चहा ठेवायचा तर आत जाऊन स्टोव्हला पंप मारावा लागला असता, म्हणून कोणी उठलं नाही. साडू मान थोडी दाराकडं कलती करून ऐकत होते. मीही ऐकू लागलो. श्वास आत जायचा, बाहेर यायचा, मध्ये काही अडत नव्हतं. कापडाची गुंडाळी माझ्या मांडीवरच राहिली. उन्हं कलली तशी मी उठलो आणि हातानंच त्यांना निघतो म्हणून सांगितलं. त्यांनीही हातानंच जा म्हटलं.