मढ्याशिवाय न उघडणारं कपाट

नागुबाईला गावात कुणी कधी गरीब गाय म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने त्याची तिथल्या तिथे खरडपट्टी काढली असती. पिरनवाडीच्या पुढे, जंगलाच्या कडेला तिचं गाव. नवरा कधीच गेलेला, एकुलता लेक मष्णू तेवढा पदरात. ती सुईण होती, त्यामुळे कुणाचं पोट बिघडलंय हे तिला पोलीस पाटलाआधी कळायचं.

एकोणीसशे चोवीसच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात पटकी आली. विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा डबा चावडीच्या कपाटात कुलपात होता. नागुबाईने पाटलांना, परशरामआप्पांना, आजच टाका म्हणून विनवलं. ते म्हणाले, वरून हुकूम लागतो, आणि गावातली पहिली मयत नोंदवल्याशिवाय हुकूम येत नाही. चौथ्या दिवशी पटकीने मष्णू गेला. नोंद झाली, हुकूम आला, कुलूप निघालं. हा नियम ज्याने केला, त्याला पटकीच्या रोग्याचं अंथरूण एकदा तरी धुवायला लावायला हवं होतं.

तीन वर्षांनी पुन्हा तीच बातमी, तेच कुलूप आणि तेच उत्तर. गावाने रिवाजाप्रमाणे मरीआईचा गाडा सजवला आणि रोगराई शिवेपलीकडे घालवायला सगळे बापये वाजतगाजत निघाले. पुढे परशरामआप्पा. शिवेपलीकडे माणसं आधीच मरत होती, पण त्याचं कुणाला काय पडलंय.

चावडी ओस पडली तशी नागुबाई वरवंटा घेऊन गेली आणि चार घावांत तिने कुलूप फोडलं. मागच्या खेपेला पूड बादलीत कशी कालवली होती, ते तिने नीट बघून ठेवलं होतं. गावातल्या दोन आणि वेशीबाहेरची एक, अशा तिन्ही विहिरींत तिने औषध ओतलं. पाणी जांभळं झालेलं बघून बायकांनी तिला शिव्याशाप दिले. ती सगळ्यांसमोर तेच पाणी ओंजळीने प्यायली.

त्या वर्षी गावात एकही माणूस दगावलं नाही. गाव म्हणालं, गाडा पावला. नागुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

दिवाळीनंतर तालुक्याचे साहेब चावडीच्या तपासणीला आले. फुटलेलं कुलूप नि रिकामा डबा बघून त्यांनी पाटलांना झापलं, पाटलांनी तिला पुढे केलं. तिने सगळं कबूल केलं आणि वर नवा डबा मागितला. साहेबांनी वही चाळली. मयत कुणी नाही, म्हणजे औषध विनाकारण वापरलं, तेव्हा नवा डबा मिळणार नाही.

“औंदा कोण मेलं न्हाय म्हणून डबा न्हाय,” नागुबाई म्हणाली. “मग फुडल्या बारीला आधी कुणाला मारायचं, तेवढं सांगून जावा, सायेब.”

साहेब टांग्यात बसून गेले. पुढची दोन वर्षं ती पाटलांच्या मागे लागली. त्यांनीही लाजेकाजेस्तव दोन अर्ज धाडले. उत्तर आलं नाही.

तिसऱ्या वर्षी पटकी थेट गावातच उतरली. ओल्या बाळंतिणीला, गुणाबाईला, उलट्या सुरू झाल्या आणि घरातले सगळे दाराबाहेर उभे राहिले. नागुबाई तिचं सगळं करत आत बसली. गुणाबाई वाचली. नागुबाई दुसऱ्या दिवशी गेली. परशरामआप्पांनी पहिली मयत म्हणून तिचं नाव वहीत लिहिलं, आणि आठव्या दिवशी भरलेला डबा आला.