पूर्वेकडची चौथी स्क्रीन

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, की मी हायस्कूलमध्ये आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आहे. वर्गात कोणी भुताखेताची गोष्ट काढली, की मी विचारायचो, "तू स्वतः पाहिलेस का? दुसऱ्या कोणी पाहिले का? पुन्हा करून दाखवता येईल का?" बहुतेक गोष्टी पहिल्याच प्रश्नाला संपत. जो अनुभव सांगणार आहे, त्याची उत्तरे मात्र तिन्ही वेळा 'हो' अशी येतात... म्हणूनच हे लेखन.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे, बेंगळुरूला महादेवपुऱ्यात राहतो. भाड्याचा फ्लॅट, सर्वांत वरचा मजला. केतकी घरूनच काम करते. तिच्या खोलीची पूर्वेकडची भिंत ही इमारतीची शेवटची भिंत — पलीकडे खोली नाही, बाल्कनी नाही. खाली मोकळा प्लॉट आहे, बस्स.

मांडणी नीट समजून घ्या. लॅपटॉपची स्वतःची एक स्क्रीन. शेजारी दोन मोठे मॉनिटर. ते लॅपटॉपला जोडण्यासाठी एक अडॅप्टर, म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. एक वायर लॅपटॉपकडे, दोन मॉनिटरकडे. एकूण स्क्रीन तीन.

एका दुपारी केतकीने हाक मारली, "बाबा, इकडे या जरा. माझी विंडो गेली."

"गेली म्हणजे बंद झाली?"

"नाही हो, चालू आहे. पण दिसत नाहीये कुठे."

तिने सेटिंग उघडली. जोडलेल्या प्रत्येक स्क्रीनसाठी तिथे एक चौकोन दिसतो. चौकोन चार होते. चौथा डाव्या टोकाला. विंडो सरकत त्या चौथ्या स्क्रीनवर जात होत्या, आणि ती स्क्रीन घरात नव्हती.

हे गमतीवारी नेता आले असते. पण केतकीकडे रुग्णांचे गोपनीय अहवाल तपासण्याचे काम असते आणि नोंदवलेल्या स्क्रीनखेरीज एकही जोडायची नाही, असा कंपनीचा नियम आहे. दोनच दिवसांत तिच्या सुरक्षा विभागातून फोन आला — ही जास्तीची स्क्रीन कोणाची? कोण बघते आहे? समाधानकारक खुलासा झाला नाही, तर नोकरी जाणार होती. त्यात भर म्हणजे जावई, निनादराव, याच व्यवसायातल्या दुसऱ्या कंपनीत. तेही घरूनच काम करतात, पलीकडच्या खोलीत. आणि अडॅप्टर आणला होता त्यांनीच.

माझा संशय कुठे गेला असेल, हे वेगळे सांगायला नको.

प्रयोगशाळेत मी मुलांना एकच शिस्त लावली होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर उत्तर कशामुळे आले ते कळत नाही. त्याप्रमाणे आधी वायर बदलली. चौकोन चार. मग अडॅप्टर दुकानात नेला. दुकानदाराने दोन मॉनिटर लावून पाहिले आणि परत दिला, "सरी इदे सर, प्रॉब्लेम इल्ला," म्हणजे ठीक आहे, काही बिघाड नाही. तरी मी नवा घेतला. चौकोन चारच. कंपनीने दुसरा लॅपटॉप पाठवला... चार. मग मी निनादरावांच्या खोलीतला एकेक प्लग काढू लागलो.

"केतकी, तू माझ्यावर संशय घेतेयस?"

"मी नाही घेत. बाबा घेतायत."

"वा! म्हणजे सासऱ्यांना पुढे केलंस."

"मग तू सांग ना कोण बघतंय ते! नोकरी माझी चालली आहे, निनाद."

निनादराव माझ्याकडे वळले. "बाबा, तुम्ही मला सरळ विचारायचं होतं. थांबा. लॅपटॉप, फोन, सगळं बंद करून बरोबर घेतो आणि खालच्या दर्शिनी हॉटेलात कॉफी पीत बसतो. वायफायही बंद करा. मग मोजा."

ते गेले. मी मोजले. चार.

तेव्हा माझे लक्ष प्रथमच त्या चौकोनाच्या जागेकडे गेले. खुर्चीत बसल्यावर डावीकडे पूर्वेची भिंत येत होती, चौकोनही डावीकडे. आम्ही टेबल उलट फिरवले. पूर्व उजवीकडे आली, आणि चौकोन उजवीकडे गेला. टेबल पूर्वेकडे तोंड करून लावले. चौकोन इतर तिन्हींच्या वर, म्हणजे समोर. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी : टेबल कोणत्या भिंतीला लावले आहे, हे त्या सेटिंगला कधीच कळत नसते.

"बाबा, टेबल होतं तसं ठेवूया," केतकी हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरक्षा विभागाच्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही तिघेही कॅमेऱ्यात दिसू असे बसलो. त्यांनी ती चौथी स्क्रीन शेअर करायला सांगितली. केतकीने केली, मग माझ्या सांगण्यावरून टचपॅड बंद केला, माउस काढून माझ्या हातात दिला.

हरवलेल्या सगळ्या विंडो तिथे होत्या. एकीवर एक पडलेल्या नव्हत्या... शेजारी शेजारी, नीट लावलेल्या. आणि एका अहवालावरून माउसचा बाण सरकत होता. ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मग खालची ओळ. ज्या गतीने माणूस वाचतो, त्या गतीने.

बाईंनी आमचे सहाही हात वर करायला लावले. बाण चालूच.

"केतकी जी," त्या म्हणाल्या, "ये पढ़ कौन रहा है?"

बाण थांबला. ओळीच्या मधोमध.

परीक्षेत पर्यवेक्षक मागे येऊन उभा राहिला, की कॉपी करणाऱ्याचा हात जसा थांबतो, अगदी तसा. ते थांबणे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा पाहिले आहे, की त्याबाबत माझी चूक होणार नाही. मी अडॅप्टर उपटला.

कंपनीतूनच कोणी बाण हलवत असेल, ही शक्यता मी अजूनही खोडत नाही. बाईंनी तसे नसल्याचे सांगितले. पण ते खरे धरले काय किंवा खोटे, टेबलाबरोबर दिशा बदलणाऱ्या चौकोनाचा उलगडा त्याने होत नाही.

केतकीची नोकरी राहिली. आता ती रोज ऑफिसात जाते. तिथे स्क्रीन जेवढ्या, चौकोन तेवढेच. विचारणाऱ्यांना ती 'सॉफ्टवेअर ड्रायव्हरचा प्रॉब्लेम होता' असे सांगते. मी मध्ये बोलत नाही.

परवा जेवताना निनादरावांनी विचारले, "काय बाबा, आता तरी माझ्यावर संशय नाही ना?"

"नाही," मी म्हणालो, आणि ते खरे आहे. फक्त, बघणारे ते असते तर फार बरे झाले असते.