दोन पौंड हवा

माझे भाऊजी टायरला हात लावून ड्रायव्हर ओळखायचे. मी त्यांचा मेहुणा आहे म्हणून फुशारकी मारत नाही, डोळ्यांनी पाहिलंय. शर्यत संपली की गाडीची चारही चाकं उतरवून त्यांच्यापुढे आणून ठेवायची. हे बुटक्या स्टुलावर बसणार, गरम हवेच्या बंदुकीने रबर मऊ करणार, पत्र्याच्या पट्टीने वर चिकटलेला गाळ खरवडणार आणि मग डोळे मिटून तळहात फिरवणार. "चौथ्या वळणाला घाबरलास आज," असं म्हणायचे. ड्रायव्हर बिचारा शेजारीच उभा असायचा, कान लाल करून.

तर ही त्या भाऊजींची गोष्ट. यात माझाही एक भाग आहे, पण तो मी जरा मागे ठेवणार आहे. लाज वाटते म्हणून, दुसरं काही नाही.

भाऊजींनी बारा वर्षं रस्त्याकडेच्या दुकानात पंक्चर काढली. तिथून ते शर्यतीच्या टीममध्ये आले. फॉर्म्युला गाड्या, म्हणजे एका माणसाच्या, उघड्या चाकांच्या, जमिनीला पोट घासत पळणाऱ्या. टीव्हीवर जग बघतं त्या नव्हेत हं, त्यांच्या दोन पायऱ्या खालच्या. आमची टीम लहान. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, आणि प्रत्येक गाडीचा आपापला टायरवाला. मी सामानाचा ट्रक चालवायचो. नोकरी भाऊजींच्या शब्दावर लागलेली, त्यामुळे मी जरा दबूनच असायचो. माझ्या ताईचा नवरा आणि माझा साहेब एकच माणूस, आता बोला.

भाऊजींकडे एक गेज होता, टायरमधली हवा मोजायचा. पितळी, वाटीएवढा, चामड्याच्या डबीत ठेवलेला. त्यांच्या उस्तादाने दुकान बंद करताना दिला होता. या धंद्यात एक रीत आहे. एका गाडीला एकच गेज, आणि दुसऱ्याच्या गेजला हात लावायचा नाही. दोन गेज कधी तंतोतंत जुळत नाहीत, मग उगीच वाद होतात, म्हणून. भाऊजी ती रीत देवासारखी पाळायचे. ताईच्या दागिन्यांना मी हात लावला असता तर एक वेळ चाललं असतं, त्या डबीला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हवा ती हवा, एवढं काय त्यात. अहो, सगळं त्यातच आहे. या टायरला अठरा पौंड हवा सांगितली की अठराच. वीस झाली की टायर फुगतो, नुसत्या मधल्या पट्ट्यावर धावतो, तापतो आणि आठ-दहा फेऱ्यांत पकड सोडतो. मग गाडी साबणावर चालवल्यासारखी. आमच्या शर्यतीत टायर एकदा तरी बदलावेच लागतात. कधी बदलायचे ते टीमने ठरवायचं. जो पहिले टायर जास्त ओढतो तो पुढे राहतो. ज्याचे लवकर संपतात त्याला लवकर आत बोलवावं लागतं, आणि तो बाहेर पडतो ते नेमका मागच्या रेंगाळणाऱ्या गाड्यांच्या घोळक्यात. चाकात हवा दाखवणारं यंत्र बसवायची आमच्या वर्गात परवानगी नव्हती. जे काय होतं ते टायरवाल्याच्या हातात.

भाऊजींच्या गाडीवर एक नवी ड्रायव्हर आली. चोवीस वर्षांची, सडपातळ, सतत काहीतरी गुणगुणणारी. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. पहिल्या शर्यतीत दुसरी आली. दुसऱ्या शर्यतीत पहिली! भाऊजींनी त्या दिवशी चाकं उतरवली आणि तळहात फिरवला. मग ताईला फोन लावला. म्हणाले, अगं, सगळी शर्यत जिंकून आली आणि टायरमध्ये अजून पाच फेऱ्या शिल्लक आहेत, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. या माणसाने लग्नातसुद्धा इतकं कौतुक कुणाचं केलं नव्हतं, असं ताई म्हणाली.

तिसऱ्या शर्यतीपासून चक्र फिरलं. भिंगरी सुरुवातीला वाऱ्यासारखी जायची, आठ फेऱ्या झाल्या की मागे पडायला लागायची. टायर संपले म्हणून लवकर आत बोलवायचे, बाहेर पडली की घोळक्यात अडकायची. इंजिनिअर तिला म्हणाला, हात हलका ठेव. तिने ठेवला. ब्रेक आधी लाव, म्हणाला. तिने लावला. गाडी दोन बोटांनी धरायला शिकली पोरगी. त्याने काय झालं, तर ती हळू झाली, आणि टायर संपायचे ते संपतच राहिले. पहिल्या दोन शर्यतींना लोक नशीब म्हणायला लागले. गुणगुणणं कधी बंद पडलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मधोमध झिजलेला टायर म्हणजे हवा जास्त, हे सायकलच्या दुकानातला माणूससुद्धा सांगेल. भाऊजींना दिसत नव्हतं का? दिसत होतं. प्रत्येक वेळी ते डबी उघडायचे, गेज लावायचे, गेज अठरा दाखवायचा. मग उरलं कोण? ती पोरगी.

दोन हंगाम असे गेले. मग मालकाने बैठक बोलावली आणि भाऊजींना विचारलं, तुमचं मत काय. भाऊजी म्हणाले, "गुणी आहे, पण टायर खाते. माणूस खोटं बोलेल, टायर नाही."

भिंगरी दारातच उभी होती. तिने ऐकलं. भांडली नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी तिचा शर्यतीचा पोशाख घडी घालून बाकावर ठेवलेला सापडला. भाऊजींचा शब्द म्हणजे या धंद्यात शिक्का. 'टायर खाणारी' हे नाव तिच्या आधी प्रत्येक टीमच्या दारात पोचलं. कुणीही तिला गाडी दिली नाही. आमच्याकडेही तिची गाडी बंदच झाली. भाऊजी टायरच्या गोदामात बसायला लागले आणि गेज डबीत पडून राहिला. ताई म्हणायची, हल्ली हे जेवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, वाईट वाटतं गं, पण खरं तेच बोललो.

दोन वर्षांनी भाऊजी निवृत्त झाले. टीमने दुपारी छोटासा समारंभ ठेवला. गॅरेजमध्ये खुर्च्या, केक, ताई पहिल्या रांगेत. इंजिनिअरला हौस फार. म्हणाला, हा गेज आपण काचेच्या चौकटीत भिंतीवर लावू, आणि खाली पाटी, 'इतक्या वर्षांत केसभरही चुकला नाही'. गेज तपासायचं नवं यंत्र त्याच वर्षी आलं होतं. सगळ्यांसमोर त्याने भाऊजींचा गेज त्याला जोडला आणि हवा सोडली.

भाऊजींच्या गेजवर काटा अठरावर थांबला. यंत्राच्या पडद्यावर आकडा होता वीस.

कुणीतरी हसलं, यंत्र नवं आहे, त्याला अजून अक्कल आली नाही म्हणून. इंजिनिअरने जोडणी सोडवून पुन्हा केली. अठरा, वीस. मग दुसऱ्या गाडीचा गेज आणून लावला. त्यावरही वीस. तरी दोघं-तिघं टाळ्या वाजवतच होते, त्यांना काही कळलंच नव्हतं. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांच्या हातात केकची बशी होती, ती तिरपी झाली आणि केक बुटावर पडला. त्यांना पत्ता नाही.

"पोरीची गाडी," ते म्हणाले. एवढंच.

 इंजिनिअर मटकन खुर्चीत बसला. दोन पौंड. दोन हंगाम दोन पौंड जास्त हवा घालून आम्ही तिला मैदानात सोडत होतो आणि वर तिलाच सांगत होतो, हात हलका ठेव.  इतरांना बसला तो नुसता धक्का, पण गेज का चुकला त्याचं कारण त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

घरी आल्यावर भाऊजींनी गेज टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. ताईने पाणी दिलं, तेही तसंच राहिलं. संध्याकाळी मला विचारलं, ट्रकमध्ये हा कधी पडला होता का रे? मी म्हणालो, नाही, भाऊजी. जीभ कशी रेटली माझी, देव जाणे. पंचेचाळीस वर्षांचा घोडा मी.

सकाळी उठून ते म्हणाले, तिच्याकडे जायचंय, तू चल गाडी घेऊन.

भिंगरी आता गावाबाहेरच्या एका छोट्या ट्रॅकवर होती. सुट्टीच्या दिवशी मजा म्हणून येणाऱ्या हौशी लोकांना बुटक्या गाड्या चालवायला शिकवायची. आम्ही पोचलो तेव्हा हेल्मेट घातलेल्या सात-आठ जणांना सांगत होती, वळणावर हळू, टायर जपा, सगळ्यात आधी टायर. आम्हाला बघून थांबली. मग अगदी नीट हसली आणि म्हणाली, काका, तुम्ही? आम्हाला बाजूला टायर रचून ठेवले होते तिथे घेऊन गेली.

भाऊजींनी डबी उघडून गेज तिच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगितलं. समारंभ, यंत्र, अठरा, वीस. शेवटी म्हणाले, "तू टायर खात नव्हतीस, पोरी. चूक माझी होती."

ती रडेल असं मला वाटलं होतं. किंवा तो गेज फेकून मारेल, तरी चाललं असतं.  तिने गेज उलटा केला, सुलटा केला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"पहिल्यापासून असेल तर मी जिंकले कशी? आणि मधूनच बिघडला असेल तर कधी? काका, सव्वीस शर्यती होत्या. रोज एकेक आठवते मला. त्यातली कुठली मी हरले आणि कुठली ह्याने हरवली, हे मला कोण सांगणार?"

भाऊजींनी मान खाली घातली.  उत्तर तिथे फक्त माझ्याकडे होतं. तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं. तशी नजर मी परत कुणाची बघू नये.

"तिसऱ्या शर्यतीच्या आठवड्यात," मी म्हणालो. "गुरुवारी. ट्रक रिकामा करताना डबी वाटेत होती, मी उचलली आणि ती ट्रकच्या मागच्या फळीवरून खाली पडली. उघडून बघितलं. काच फुटली नव्हती, काटा शून्यावर होता. मला वाटलं, ठीक आहे. बोललो नाही."

पडून काटा दोन पौंड मागे सरकला असला, तरी तो शून्यावरच दिसणार होता. तिथे त्याला अडवायला खुंटी असते, शून्याच्या खाली तो जाऊच शकत नाही. हे मला इंजिनिअरने समारंभाच्या दिवशी सांगितलं. पाच मिनिटांत सांगितलं. डबी पडली तेव्हा विचारलं असतं तर तेव्हाही पाच मिनिटंच लागली असती.

भाऊजी माझ्याकडे वळले. वीस वर्षं हा माणूस मला ओरडत आला होता, ट्रक वाकडा लावला म्हणून, हात न धुता टायरला शिवलो म्हणून. या वेळी आवाज चढलाच नाही.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

भिंगरी त्यांच्याकडे बघत नव्हती. "म्हणजे पहिल्या दोन माझ्या," ती हळू म्हणाली. मी हो म्हणालो. "पुन्हा सांगा. गुरुवारपासून." मी पुन्हा सांगितलं. डबी, फळी, काच, काटा. "पुन्हा." तिसऱ्यांदाही तिने मला मध्ये थांबू दिलं नाही. रागाने नाही हो. तिला ते पाठ करायचं होतं.

मग तिने गेज भाऊजींना परत दिला. "तुम्ही म्हणाला होतात ना, टायर खोटं बोलत नाही. नव्हताच बोलत. मधोमध झिजून सांगत होता. तुम्हाला दिसत होता, काका, आणि मलाही. मीसुद्धा स्वतःवरच संशय घेतला."

भाऊजी तिथेच रचलेल्या टायरवर बसले. त्यांचा तळहात सवयीने रबरावर टेकला आणि तसाच राहिला.

तेवढ्यात त्या हौशी लोकांपैकी एक जण गाडी घेऊन आमच्याजवळ आला. हेल्मेटची काच वर करून विचारलं, मॅडम, वळणावर हळूच घेऊ ना? टायर खराब होतील.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" भिंगरी त्याच्यावर केवढ्याने ओरडली.

तो माणूस गोंधळला. "तुम्हीच," म्हणाला. "आत्ताच की."

ती त्याच्याकडे बघत राहिली.  मागून दोन गाड्या आल्या आणि वळणाला हळू झाल्या, तिने शिकवलं होतं तशाच.